मास्तरांचा मधला तुकडा

मास्तरांना जाऊन दीड महिना झाला तरी नाक्यावरचा फ्लेक्स काही उतरलेला नाही. 'बेंजोचा बादशहा हरपला' अशी भलीमोठी अक्षरं, खाली गॉगल लावलेल्या अठरा शोकाकुल मंडळींचे फोटो आणि मधोमध मास्तर. चेहरा मतदान ओळखपत्रावरचा, चोराला धरून आणल्यासारखा, आणि हातात गिटार! कोणा कॉम्प्युटरवाल्याने कुठून तरी उचलून चिकटवलेली लालभडक गिटार. या माणसाने उभ्या आयुष्यात गिटारला हात लावला नव्हता. बरं, त्या अठरा शोकाकुलांपैकी निदान सहा जण बुरोंडीच्या लग्नात मास्तरांवर ओरडत होते, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. रोज सकाळी कामावर जाताना त्या फ्लेक्सखालून जावं लागतं आणि रोज माझं टाळकं सरकतं. फ्लेक्सवर माझा फोटो नाही. खरं तर तो सगळ्यात वर हवा होता. का, ते सांगतो.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. मिरकरवाड्याच्या रस्त्याला त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरचा पंप, गिरणीची मोटार, काहीही जळलेलं न्या, मास्तर त्यातली काळी पडलेली तार उपसून काढत आणि एकेक वेढा मोजत नवी तांब्याची तार भरत. उरलेल्या वेळात ते बेंजो वाजवत. बेंजो हे आडवं ठेवून वाजवायचं तारांचं वाद्य. डाव्या हाताने टाइपरायटरसारखी बटणं दाबायची, उजव्या हाताने तारा छेडायच्या. आमच्याकडे हळद असो की गणपती, बेंजो पार्टीशिवाय कोणाचे पाय हलत नाहीत. आमच्या पार्टीत मास्तर बेंजोवर, मी कीबोर्डवर, शिवाय एक ढोलकीवाला आणि एक ताशेवाला. मी दिवसा बर्फाच्या कारखान्यात सुपरवायझर. अजूनही तेच करतो.

आता बाकीच्या पार्ट्या वाजवायच्या ती सिनेमाची गाणी, कोळीगीतं. आम्हीही वाजवायचो, पण मास्तरांच्या लेखी तो नुसता धंदा. त्यांचं खरं प्रेम एकाच गोष्टीवर होतं: जुन्या इंग्लिश रॉक गाण्यांच्या मधोमध, गाणारा दम घ्यायला थांबला की गिटारवाला जो एकटा सुटतो, तो भाग. मास्तर त्याला 'मधला तुकडा' म्हणत. इंग्लिशचं एक अक्षर त्यांना येत नव्हतं. गाणं कोणाचं, कुठलं, कशाबद्दल, याच्याशी त्यांना काडीचं देणंघेणं नव्हतं. गायक सुरू झाला की कॅसेट पुढे पळवायचे. आम्ही कधी म्हटलं, ऐकू तर द्या, तर म्हणायचे, "तो बोंबलतोय तवर चाय पिऊन घ्या. माणूस बोलायला लागला की वाजवणाऱ्याची वाट लागते."

या कॅसेटी त्यांना राजिवड्याच्या एका शाळासोबत्याने दिल्या होत्या. तो जहाजावर खलाशी होता. जहाजावरच्या दुसऱ्या कोणाकडे ही गाणी होती आणि एकीवरून दुसरीवर उतरवून घेणारा दोन कॅसेटींचा टेप काही तिथे नव्हता. मग या पठ्ठ्याने केबिनमध्ये दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवले, एकावर गाणी लावली आणि दुसऱ्याचं रेकॉर्डिंगचं बटण दाबून गप्प बसून राहिला. अशा अकरा कॅसेटी. त्यांत गाण्यामागे इंजिनाची घरघर आहे, कोणाचा तरी खोकला आहे, एका ठिकाणी भांडं पडल्याचा आवाज आहे. टेपवर खोकला कुठे येतो तेसुद्धा मास्तरांना पाठ होतं. कॅसेटी देऊन तो मित्र आखातात गेला आणि तिकडेच वारला. त्याला मास्तर कधीही 'मेला' म्हणायचे नाहीत, 'बोटीवर हाय' म्हणायचे.

तुकड्यांना नावं मास्तरांनीच ठेवली होती. जिथे पहिल्यांदा वाजवला, आणि बहुतेक शिव्याच खाल्ल्या, त्या गावाचं नाव त्या तुकड्याला. 'बुरोंडीचा' म्हणजे ज्यात ऑर्गन आधी देवळात शिरल्यासारखा हळू येतो आणि मग गिटार त्याच्या डोक्यावर चढून बसते तो. 'अलोऱ्याचा' म्हणजे दोन गिटारी हातात हात घालून चालतात तो. त्यातली दुसरी मला कीबोर्डवर धरावी लागे. आणि 'नाट्याचा', म्हणजे नाटे गावचा. सगळ्या भानगडीचं मूळ तो नाट्याचा तुकडा.

गिटारवाला तार बोटाने खेचतो आणि सूर ओढत वर नेतो. बेंजोवर ते होत नाही, बटण दाबलं की सूर जागच्या जागी. मास्तरांनी त्यावर डोकं लढवून तोड काढली. तारा ज्या घोडीवरून जातात तिच्या मागे उजव्या हाताची करंगळी दाबायची. तार ताणली जाते आणि सूर वर सरकतो. छेडायचं त्याच हाताने, दाबायचंही त्याच हाताने. ही गोष्ट शिकायला त्यांना किती वर्षं लागली कोण जाणे, पण करंगळीच्या पेराला कौलाच्या तुकड्यासारखा घट्टा पडला होता. नाट्याच्या तुकड्यात शेवटी असा एक सूर वर जातो की ऐकणारा हातातलं काम विसरतो. तो मास्तरांसारखा दुसऱ्या कोणी बेंजोवर काढलेला मी ऐकला नाही, आणि हे मी त्यांच्यावर दात खाऊन असतानाही कबूल करायचो.

दात खाऊन असायचोच मी. या माणसाचा नियम एकच आणि तो देवाच्या बापालाही लागू: मधला तुकडा चालू असताना कोणीही बोलायचं नाही. वाजवणाऱ्याने नाही, ऐकणाऱ्याने नाही, घरच्यांनीही नाही. एकदा शिरगावात नवऱ्याचा मामा फर्माईश करायला आला आणि ऐन तुकड्यात मास्तरांच्या कानाला लागला. मास्तरांनी वाजवणं थांबवलं, बेंजोची अॅम्प्लिफायरमधली पिन उपटली आणि भर मांडवात म्हणाले, "उद्या मंगलाष्टका चालू असताना मी येऊन तुझ्या कानात पापलेटाचा भाव विचारू काय?" आम्हाला त्या दिवशी जेवायलाही कोणी विचारलं नाही. मास्तरांची बायको, आमच्या काकू, सांगायच्या, एकदा पडवीत जनावर, म्हणजे साप, आलं होतं, चांगलं हातभर. मास्तर आत कॅसेटवर तुकडा ऐकत होते. काकू दारात उभ्या राहून नुसत्या बोट दाखवत राहिल्या. तुकडा संपल्यावर मास्तर म्हणाले, "आता बोल." तोवर ते जनावर आपल्या वाटेने निघून गेलं होतं. काकू हे हसत सांगायच्या, पण मला हसू येत नसे. असल्या माणसाच्या हाताखाली मी आठ वर्षं काढली.

नाट्याच्या तुकड्याचा शेवट आमच्या पार्टीची शान होती. बाकीची गाणी शेवटी हळूहळू आवाज कमी करत विझतात. मास्तरांना त्याची चीड होती. "चोरासारखे मागच्या दारान पळतात," म्हणायचे. पण हा तुकडा वर चढत चढत जातो, तो सूर लागतो आणि त्याच्यावर काठीचा एकच फटका, खट्! मग काही नाही. चिडीचूप. मास्तरांनी तो तसाच बसवला होता. ताशेवाल्याने ताशाच्या कडेवर काठी मारायची, खट्, आणि त्या क्षणी सगळ्यांचे हात वर. नाट्यात पहिल्यांदा वाजवला तेव्हा जनरेटरवाल्याला वाटलं वीज गेली. तो बिचारा धावत जाऊन दोरी ओढायला लागला. नाचणारी माणसं होती तशी उभी राहिली, एकाचा पाय हवेत. मग सगळे हसत सुटले आणि परत वाजवा म्हणून मागे लागले. पुढच्या दोन-चार वर्षांत ती रीतच पडली. मास्तरांचा खट् झाला की नाचणाऱ्यांनी दगड व्हायचं, तीन मोजायचे आणि एकदम आरोळी ठोकायची. दुसऱ्या पार्ट्यांनी उचललं. आज दापोलीपासून राजापुरापर्यंत कुठल्याही हळदीला जा, खट् असतो. कोणी आणला हे निम्म्या लोकांना ठाऊकही नाही.

एकदा अलोऱ्याच्या कॉलनीत, प्रकल्पाच्या लोकांच्या गणपतीला, एक म्हातारा इंजिनीअर पुढे आला होता. एवढ्या वर्षांत नाट्याचा तुकडा ओळखणारा तो पहिला माणूस. त्याचे डोळे भरले होते. मास्तरांचा हात हातात घेऊन म्हणाला, "कमाल केलीत. पण पुढचं का नाही वाजवलंत?"

"फुडं काय नाय. संपला."

इंजिनीअर जरा हसला, काही तरी बोलणार होता, पण ताशेवाल्याने पुढची नांदी सुरू केली आणि ते राहूनच गेलं. टेम्पोत बसल्यावर मास्तर म्हणाले, "शिकलेली माणसं. किती दिला तरी आनि वाढा."

मग शिरगावचीच दुसरी हळद. माझा एक सूर खट् नंतर अर्धी मात्रा लांबला. बोट घामाने चिकटलं, बस. मास्तरांनी शंभर-दीडशे माणसांसमोर माझ्या कीबोर्डची वायर काढली आणि म्हणाले, "ज्याला थांबता येत नाय त्यान वाजवू नये. जा, टेम्पोत बस." नवऱ्याकडच्या लहान पोरी खिदळल्या. मी एकोणतीस वर्षांचा होतो, दोन मुलांचा बाप होतो, आणि दीड तास टेम्पोत खुर्च्यांच्या ढिगाशेजारी बसून होतो. तो दीड तास मी विसरलो नाही. विसरायला हवा होता, हे आता कळतं.

पुढे सगळ्यांच्या हातात फोन आले. एका दुपारी कारखान्यात, बर्फाच्या लाद्या गाडीत भरून झाल्यावर, मी नाट्याच्या तुकड्याची चाल फोनला ऐकवली आणि फोनने गाणं काढून दिलं. मी पाय पसरून ऐकत बसलो. तो सूर आला, वर गेला, मी सवयीने श्वास रोखला. खट् झालंच नाही. तो सूर तिथून वळला, खाली आला आणि गिटारवाला पुन्हा सुटला. आणखी दोन मिनिटं! आणि काय दोन मिनिटं! आतापर्यंत जे झालं ते नुसतं दार होतं, घर पुढे होतं. मी परत लावलं, परत लावलं. आणि मग डोक्यात उजेड पडला. मास्तरांच्या कॅसेटवरचा तो खट् म्हणजे काठीचा फटका नव्हताच. बोटीवरच्या त्या पहिल्या टेपरेकॉर्डरची कॅसेट तिथे संपली होती आणि त्याचं बटण आपोआप वर उडालं होतं. दुसऱ्या टेपने तो आवाज इमानदारीत उतरवून घेतला. पुढे नुसती घरघर. तीस वर्षं अख्खा जिल्हा एका बटणाच्या आवाजावर दगड होऊन उभा राहत होता.

मी खूश झालो. खोटं कशाला बोलू? सुडाने माणूस खूश होतो तसा झालो.

मी मास्तरांना एकटं गाठून सांगू शकलो असतो. नाही सांगितलं. रविवारी सकाळी दुकानात प्रॅक्टिसला सगळे जमले तेव्हा फोन अॅम्प्लिफायरला जोडला आणि म्हटलं, "मास्तर, हे ऐका, कोणाला थांबता येत नाही ते कळेल." तुकडा सुरू झाला. मास्तरांच्या नियमाप्रमाणे कोणी बोललं नाही. तो सूर आला, गेला, आणि पुढचं सुरू झालं. ताशेवाल्याने काठी उचलली होती, ती तशीच राहिली. मास्तर तांब्याच्या तारेचं रीळ हातात धरून बसले होते. संपल्यावर म्हणाले, "परत लाव." तीनदा लावायला लावलं. मी वाट बघत होतो, आता हे चिडतील, फोन फेकतील, मग मी शिरगावचं काढीन. ते चिडले नाहीत. फक्त म्हणाले, "तीस वर्षं मी त्या माणसाच्या तोंडावर दार आपटत होतो रे." आणि दुसऱ्या दिवसापासून, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, ते पुढची दोन मिनिटं बसवायला लागले.

ते त्यांना येत नव्हतं. शेवटाकडे एक पळापळीची जागा आहे, तिथे बटणांवरची बोटं धावायची, पण करंगळी मागे पडायची. ताशेवाल्याने समजावलं, "मास्तर, लोकांना खट् हवा आसतो, कशाला खाज?" मास्तर ऐकेनात. माझं म्हणाल तर मला तोवर ते सगळं येत होतं. कारखान्याच्या ऑफिसात दार लावून, आवाज बारीक ठेवून मी ते कीबोर्डवर बसवलं होतं, पळापळीच्या जागेसकट. कोणाला बोललो नाही. प्रॅक्टिसला नुसते मागचे सूर धरून बसायचो आणि मास्तर अडखळले की खाली मान घालायचो. आता कळू दे, असं मनात म्हणायचो.

बुरोंडीचं लग्न एप्रिलात होतं, समुद्राकडच्या मोकळ्या जागेत, उन्हं उतरताना वरात. निघताना टेम्पोत मास्तरांनी सांगितलं, "आज नाट्याचा पुरा वाजवायचा. खट् नाय." ताशेवाल्याने मान हलवली. पण हाताला तीस वर्षांची सवय. तो सूर लागला आणि त्याची काठी पडली, खट्! दीडशे माणसं दगड झाली. आणि मास्तर पुढे वाजवत राहिले.

ढोलकी थांबली. ती सवयीने थांबली. माझे हात सवयीने थांबले नाहीत. मी ते उचलले. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. मला माहीत होतं की आता मागचे सूर माझे आहेत, माझी बोटं पट्ट्यांवरच होती, आणि मी ठरवून हात वर घेतले आणि मांडीवर ठेवले. बस टेम्पोत, असं मनात म्हणालो.

मास्तर एकटे वाजवत होते. लोकांनी तीन मोजले, आरोळी ठोकली, तरी बेंजो चालूच. आधी हसू आलं लोकांना. मग कोणी तरी ओरडलं, "म्हातारा अडकला रे, खट् करा!" आणि मग सगळेच, "खट्! खट्! खट्!" ते फ्लेक्सवरचे गॉगलवाले पुढे होते. मास्तर पळापळीच्या जागेला आले, करंगळी घसरली, पुन्हा पहिल्यापासून ती जागा घेतली, पुन्हा घसरली. तेव्हा त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, नेहमीसारखे डोळे काढतायत. मी समुद्राकडे बघितलं. तिसऱ्यांदा घसरली तेव्हा त्यांनी स्वतःच्या हाताने पिन काढली, बेंजो कापडात गुंडाळला आणि टेम्पोत खुर्च्यांच्या ढिगाशेजारी जाऊन बसले. त्यानंतर ते कुठेही वाजवायला आले नाहीत.

दीड वर्षाने त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. मी तेव्हाही लगेच गेलो नाही, धीर होत नव्हता. गेलो तेव्हा काकूंनी त्यांना दुकानाच्या दारात खुर्चीवर बसवलं होतं. उजवा हात मांडीवर पडलेला, करंगळीचा घट्टा सुटून तिथे गुलाबी कातडं आलेलं. जीभ जड झाली होती, पण बोलणं कळत होतं. मी इकडचं तिकडचं काढलं, मग एकदम म्हटलं, "मास्तर, बुरोंडीला मला पुढचं सगळं येत होतं."

"ठाव हाय."

"कसं ठाव?"

"तुमच्या कारखान्याची मोटार भरून मीच घेऊन आलेलो. हापिसात दार लावून वाजवीत होतास. मी भायेर उभा. दोनदा आयकला. एकदापण अडला नायस." ते दम घ्यायला थांबले. "म्हटला, आता भ्या नाय. बुरोंडीला वाजवूया. माझी करंगळी जिथं अडंल तिथून तू उचलशील."

माझ्या कानशिलात कोणी मारली असती तर बरं वाटलं असतं. हा माणूस कोणाकोणावर चिडला नाही? नवऱ्याच्या मामावर, इंजिनीअरवर, माझ्या अर्ध्या मात्रेवर. आणि माझ्यावर चिडायची हीच एक खरी वेळ होती तर मेला शांतपणे बसून मला हिशेब सांगत होता. मला त्यांचा संताप आला, आणि माझा त्याहून. मी जवळजवळ ओरडलोच, "मग मला हाक का नाही मारलीत? नुसतं नाव घेतलं असतंत तरी मी वाजवलं असतं, मास्तर! एवढं सगळं माहीत होतं तर बोलला का नाहीत?"

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं, एखाद्या नवशिक्याकडे बघावं तसं.

"मेल्या, मधला तुकडा चालू होता ना," ते म्हणाले. "तवा बोलायचं नाय."